आमचे शीतघराणे

घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या घरातल्या फ्रीजमध्ये गेल्या शनिवारी दूध नासू लागले, तेव्हा मी तक्रार नोंदवून मेकॅनिकला बोलावले. तो येण्याआधी फ्रीज रिकामा करावा एवढी साधी अक्कल मला सुचली नाही, आणि त्याची शिक्षा म्हणून आमच्या दोन पिढ्यांची गुपिते एका परक्या माणसाच्या हातून जेवणाच्या टेबलावर एकेक करून मांडली गेली.

पहिला निघाला श्रीखंडाचा डबा. मेकॅनिकने तो फार आदराने उचलला, म्हणून त्यात कढीपत्ता असल्याचे मला कबूल करावे लागले. आइस्क्रीमच्या चार डब्यांत अनुक्रमे खवलेला नारळ, सोललेले मटार, तुपासाठी साठवलेली साय आणि पुन्हा साय निघाली. (आमच्याकडे आइस्क्रीम आणतात ते मुख्यतः डब्यासाठी.) त्यामागोमाग रवा, मैदा, बेसन, शेंगदाणे आणि दीड किलो पोहे बाहेर आले.

हा संप्रदाय माझ्या आईचा. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरात जुलै महिन्यात भिंतींनाही बुरशी धरत असे, तेथे रव्याला जाळी लागायला कितीसा वेळ लागणार? त्यामुळे किड्यांना जे आवडते ते फ्रीजमध्ये, हा तिने नियमच केला. त्यात तथ्यही आहे, कारण किडीची अंडी पुष्कळदा दुकानातूनच धान्याबरोबर घरी येतात आणि थंडीत ती उबत नाहीत. मात्र एकदा नियम केल्यावर आई थांबत नसे. जांभळी नाक्यावरून आणलेले टोमॅटो, पाव आणि मध हेही तिने आत ढकलले. मग टोमॅटोंची चव गेली, पाव बाहेर झाला असता त्याहून लवकर शिळा झाला आणि मधाचे खडे झाले. खडे झाले म्हणजे मध शुद्ध, असा निष्कर्ष काढून तिने शास्त्रालाही गप्प केले.

सौभाग्यवतीचे माहेर डोंबिवलीचे, आणि तिचे घराणे वेगळे. दोन चमचे आमटी उरली तरी ती वाटीत घालून, वर बशी झाकून, चौथ्या दिवशी टाकून देण्यासाठी जपून ठेवणे ही त्या घराण्याची गायकी. मेकॅनिकने अशा सात वाट्या काढल्या. आठवीवर बशी नव्हती, तेव्हा सौभाग्यवतीने माझ्याकडे पाहिले.

सर्वांत शेवटी दारातल्या अंड्यांच्या कप्प्यातून फेव्हिक्विकची पिळलेली नळी आणि पेन्सिल सेलच्या तीन जोड्या निघाल्या. हा वारसा वडिलांचा. त्यांच्या उमेदीच्या काळातले साधे सेल उन्हाळ्यात पडल्या पडल्या उतरत, आणि थंडीत ते अधिक टिकत, हे खरेच होते. आताचे अल्कलाइन सेल बाहेर राहिले तरी वर्षाला जेमतेम 2 ते 3 टक्के उतरतात, हे मला पक्के ठाऊक आहे. तरीही सेलचे नवे पाकीट घरात आले की माझा हात आपोआप फ्रीजच्या दाराकडे जातो, आणि प्रत्येक जोडीवर मी बॉलपेनने तारीखही घालतो, कारण वडील घालत असत.

मेकॅनिकने आत डोके घालून पाहिले आणि फ्रीजला काहीही झालेले नाही, असा निर्वाळा दिला. वरच्या फ्रीजरमधली गार हवा मागच्या ज्या झरोक्यातून खाली येते, नेमका त्यालाच रव्याचा डबा टेकला होता. म्हणून वर बर्फ आणि खाली उकाडा. "साहेब, हा फ्रीज आहे, कोठीची खोली नाही," एवढे बोलून त्याने भेटीचे पैसे घेतले. त्याची लिफ्ट तळमजल्यावर पोहोचण्याआधी सर्व डबे परत आत गेले होते. झरोक्यापासून रवा चार बोटे दूर सरकवला, एवढीच काय ती सुधारणा.

त्याच रात्री, क्रिकेटचा सामना शेवटच्या चार षटकांवर आला असताना, टीव्हीचा रिमोट बंद पडला. मी लगबगीने फ्रीजमधून एक जोडी काढली, तो सेलवर दव धरले. गार सेल पुसून, अर्धा तास बाहेर ठेवून मगच वापरावेत, हाही वडिलांचाच दंडक. शेजारच्या घरातून आरडाओरडा ऐकू येत होता, आणि आम्ही तिघे रुमालावर शेजारी शेजारी निजवलेल्या त्या दोन सेलना घाम सुकेपर्यंत पंख्याचा वारा घालत बसलो होतो.