केनियातल्या पोरांना पैसे कोणी पुरवले?

सप्टेंबर २०२५ मध्ये तरुणांच्या आंदोलनाने नेपाळमधलं सरकार पडलं, तेव्हापासून एक फॉरवर्ड मराठी ग्रुपांवर फिरतोय. त्याचं सार असं: केनिया, नायजेरिया, मादागास्कर, सगळीकडची 'जेन झी' म्हणजे आजच्या तरुण पिढीची आंदोलनं अमेरिकन फाउंडेशनांनी उभी केली. तिथल्या बेकार तरुणांच्या खिशात दमडी नाही, मग बाहेरच्या पैशाशिवाय हे जमेल कसं? आणि दानच करायचं तर विहिरी खणा, शाळा बांधा, रस्त्यावरचा गोंधळ कशाला पोसता? एकेक मुद्दा घेऊ.

'केनियात पैसा फोर्ड फाउंडेशनचा होता.'

हा आरोप व्हॉट्सॲपवर जन्मलेला नाही. जुलै २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी तो जाहीर सभेत केला. मग परराष्ट्र खात्याने फाउंडेशनला पत्र लिहून एप्रिल २०२३ ते मे २०२४ या काळात १६ संस्थांना दिलेल्या ५७ लाख ८० हजार डॉलरकडे बोट दाखवलं. फाउंडेशनने इन्कार केला. आता इन्कार कोणीही करेल, तो सोडून देऊ. तारखा मात्र बघा. ज्या वित्त विधेयकावरून भडका उडाला, ते लोकांसमोर आलं मे २०२४ मध्ये. जे विधेयक अजून आलेलंच नव्हतं, त्याच्याविरुद्ध वर्षभर आधीपासून पैसे कोण वाटेल?

शिवाय त्याच मे महिन्यात रुटो वॉशिंग्टनमध्ये शाही पाहुणचार घेऊन आले होते. २५ जूनला आंदोलक संसदेत घुसले, आणि त्याच दिवशी केनियाचे पोलीस अमेरिकेच्या पाठबळावर चाललेल्या मोहिमेसाठी हैतीत उतरले. असा लाडका जावई कोण घराबाहेर काढतो? परदेशी हात शोधायचाच असेल तर तो विधेयकात शोधावा. ३४६ अब्ज शिलिंगांची ती करवाढ आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला दिलेल्या शब्दाशी बांधलेली होती. मूळ मसुद्यात पावावरही १६ टक्के व्हॅट होता.

'त्यांच्याकडे पैसाच नाही.'

इथे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला आफ्रिका माहीतच नाही हे उघडं पडतं. केनियात २००७ पासून एम-पेसा आहे. साध्या बटणांच्या फोनवरून पैसे पाठवता येतात, शंभर शिलिंगसुद्धा. गोळीबारात जखमी झालेल्यांसाठी आणि मृतांच्या घरच्यांसाठी हनिफा अदान या तरुण पत्रकार मुलीने एम-चांगा या वर्गणीच्या प्लॅटफॉर्मवर आवाहन केलं. काही दिवसांत जवळपास ३ कोटी शिलिंग जमले.

नायजेरियाचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. सार्स या पोलीस पथकाच्या छळाविरुद्ध ऑक्टोबर २०२० मध्ये तरुण रस्त्यावर आले. त्याच वर्षी जुलैमध्ये काही तरुणींनी 'फेमिनिस्ट कोअलिशन' नावाचा गट काढला होता. ओदुनायो एवेनियी आणि दामिलोला ओदुफुवा या त्यातल्या दोघी. या गटाने १४ कोटी ७० लाख नायरांहून जास्त वर्गणी गोळा केली. अटक झालेल्यांचे वकील, दवाखान्याची बिलं, आंदोलकांचं जेवण, असा तो खर्च होता आणि त्याचा हिशेब रोजच्या रोज ट्विटरवर टाकला जाई. बँकेचा मार्ग बंद पडल्यावर त्यांनी बिटकॉइनमध्ये देणग्या घेतल्या. त्यात परदेशातलेही पैसे आले, ट्विटरचा तेव्हाचा प्रमुख जॅक डॉर्सी याने जाहीर आवाहन केलं होतं. हे लपवण्यासारखं नाही. लागोस शहरातल्या लेक्कीच्या टोलनाक्यावर २० ऑक्टोबरला गोळीबार झाला, आणि दोन दिवसांनी गटाने देणग्या घेणं स्वतःहून थांबवलं. पैशासाठी आंदोलन चालवणारे असं करत नाहीत. नंतर मध्यवर्ती बँकेने कोर्टाकडून आंदोलनाशी जोडलेली २० खाती गोठवून घेतली.

मादागास्करबद्दल फार लिहायची गरज नाही. तासन् तास वीज नाही, नळाला पाणी नाही, हे लोकांना कोणी पैसे देऊन सांगावं लागत नाही.

'बाहेरचा पैसा आला की अजेंडाही बाहेरचा.'

या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तो नीट बघायला हवा. एचआयव्हीबाधितांच्या उपचारांसाठी लढणाऱ्या दक्षिण आफ्रिकेतल्या 'ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन'ला परदेशी देणग्या होत्या. पण २००२ मध्ये त्यांनी तिथल्या घटनात्मक न्यायालयाकडून मिळवलं काय? एचआयव्हीबाधित गरोदर बायकांना सरकारी दवाखान्यात नेव्हिरापिन, म्हणजे बाळाला लागण होऊ नये म्हणून दिलं जाणारं औषध, देण्याचा आदेश. यात वॉशिंग्टनचा कसला डाव? मागणी त्या बायकांची होती.

खरा धोका वेगळाच आहे. सुदानमध्ये एप्रिल २०२३ मध्ये युद्ध पेटल्यावर मोहल्ल्यामोहल्ल्यांतल्या तरुणांनी 'इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स', म्हणजे तातडीच्या मदतीची केंद्रं, उघडल्या आणि सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने मदत गोठवली आणि शेकडो चुली विझल्या. देणारा एका सहीने हात काढून घेतो आणि भांडं रिकामं राहतं, ही बाहेरच्या पैशाची खरी अडचण. फॉरवर्डमध्ये हिचा उल्लेखही नाही.

'विहिरी खणा, शाळा बांधा.'

केनियात हेच 'हराम्बे'च्या नावाने दशकानुदशकं चाललंय. लोकांनी मिळून शाळा बांधायची चांगली प्रथा. पुढे आमदार-मंत्री रविवारी चर्चमध्ये नोटांची पाकिटं घेऊन यायला लागले. पगार एवढा, मग हे लाखो शिलिंग आले कुठून, असं २०२४ मध्ये पोरांनी विचारलं. ५ जुलैला रुटोंनी सरकारी पदाधिकाऱ्यांना हराम्बेत भाग घ्यायला बंदी जाहीर केली. नोव्हेंबरमध्ये खुद्द रुटोंनीच नैरोबीतल्या एका कॅथलिक चर्चला लाखोंची देणगी दिली आणि तिथल्या आर्चबिशपांनी ती परत करायला लावली. म्हणजे दानधर्माच्या नावाने दिलेला पैसाही प्रश्नांतून सुटत नाही.