पंखा बंद, शूटिंग चालू

मे महिन्यात जळगावात चालता पंखा बंद करायची हिंमत दोघंच करतात. एक वीजवाले, दुसरी आमची सहावीतली लेक.

ती सिनेमा काढतेय. उन्हाळी शिबिरातल्या मॅडमांनी आम्हा पालकांना बजावलं होतं, "मोबाईल हिसकावू नका, त्यावर काहीतरी घडवायला लावा. कल्पकता फुलते." फुलण्यासाठी पंखा बंद लागतो, हे मात्र बाईंनी सांगितलं नाही.

प्रकाराचं नाव स्टॉप मोशन. वस्तू ठेवायची, फोटो काढायचा, गव्हाच्या दाण्याएवढी सरकवायची, पुन्हा फोटो. सेकंदाला 12 फोटो धरले तर मिनिटाला 720. ॲप मागच्या फोटोची पुसट छाया दाखवतं, म्हणजे किती सरकवायचं ते कळतं. पंखा लावला की पुठ्ठ्याची झाडं उडतात. ऊन कललं की सावल्या हलतात, म्हणून खिडक्यांना गोधड्या. बाहेर पारा 45 वर आणि आत मी टॉर्च धरून उभा.

"पप्पा, हलू नका ना. घाम नंतर पुसा."

हिरो म्हणजे रावेरचं केळं. भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्याची भूमिका सुकलेल्या कारल्याकडे. कॅमेरा म्हणजे माझा मोबाईल (हप्ते अजून चालू आहेत), तेलाच्या डब्यावर वरवंट्याला रबरबँडने बांधलेला. ऐन रंगात भुसावळच्या साडूंचा फोन आला, मोबाईल थरथरत घसरला आणि सीन गेला. आता शूटिंगभर नेटवर्क बंद. साडू रुसलेत, साहेबही.

मी कुरकुरलो तर तिने थेट दादासाहेब फाळक्यांना मध्ये आणलं. "त्यांनी 1912 मध्ये कुंडीत वाटाणा लावून तो वाढताना एकेक चित्र घेतलं. ते दाखवून सिनेमासाठी पैसे उभे केले. आणि त्यांच्या बायकोने दागिनेसुद्धा दिले होते!"

बायकोचा हात आपसूक मंगळसूत्राकडे गेला. मी मुकाट टॉर्च उचलला.

उकाड्याने हिरोवर काळे डाग पडले. म्हटलं, दुसरं केळं घे, फणी भरलीय. ती जरा वेळ बघत राहिली. "नको. तो म्हातारा होतोय असं दाखवू. भावाची वाट बघून बघून." हे मला जन्मात सुचलं नसतं. रावेर-यावलकडच्या कोणालाही मात्र गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

तेवढ्यात माय आत आली. "पंखा कोन्ही बंद कया रे? जीव घुसमटी ऱ्हायना!" आणि खटकन बटण दाबलं. झाडं उडाली, झोपडी उडाली, कारलं गडगडत कॉटखाली. मी डोळे मिटून वारा घेतला. लेक रडेल असं वाटलं, तर ती भराभर फोटो काढत सुटली. "आजी, मस्त! वादळ!" आमच्याकडे पावसाळ्याआधीच्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात, ते तिने पाहिलेलं आहे.

मायला तिथल्या तिथे कामावर घेतलं. वादळाबरोबर कारल्याचा आवाजही तिच्याकडे आला. उभं आयुष्य केळी विकण्यात गेलेलं, तालमीची गरजच नव्हती. मोबाईलसमोर बसली आणि गरजली, "देनं व्हई ते दे, नही ते घर लई जा!"

लेक दचकली. "आजी, जरा कमी रागाने."

"बेटा," माय म्हणाली, "हाऊ कमीच शे."