वाढत्या अंगाचा झगा : हन्नेविषयीच्या आक्षेपाला उत्तर

ताई, प्रभूमध्ये सलाम.

बायबलमधील मातांवरच्या माझ्या लेखाविषयीची आपली प्रतिक्रिया मी सावकाश दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे, की मूल होत नसताना केलेल्या नवसाप्रमाणे हन्नेने नुकतेच दूध तुटलेले लेकरू, शमुवेल, शिलो येथील देवाच्या मंदिरात याजक एलीच्या स्वाधीन केले, त्या घरातील हफनी आणि फिनहास हे एलीचे दोघे मुलगे, तरुण याजक, पुरते बिघडलेले होते, आणि तरीही मी तिला ख्रिस्ती आयांसमोर आदर्श म्हणून उभे केले. महिला संघाच्या सभांतून त्यागाचे धडे आम्हांला आधीच पुरेसे मिळतात, त्यांत आपली भर कशाला, असे आपण विचारले आहे.

प्रथम चूक कबूल करते. ‘हन्नेप्रमाणे आपले मूल देवाला देऊन मोकळे व्हावे’ असे वाक्य मी लिहिले होते. ‘मोकळे व्हावे’ हे शब्द सवयीने लेखणीतून उतरले आणि त्यांनी सगळा लेख वाकडा केला, कारण बायबलमधील १ शमुवेल ह्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय पुन्हा वाचले तर हन्ना मोकळी झालेली कोठेच दिसत नाही.

मूल झाल्यानंतरच्या वर्षी तिचा नवरा एलकाना वार्षिक यज्ञासाठी सहकुटुंब शिलोला निघाला तेव्हा ती गेली नाही. बाळाचे दूध तुटेपर्यंत मी येणार नाही, असे तिने नवऱ्याला सांगितले, आणि तुला बरे दिसेल ते कर, असे तो म्हणाला. बायबलमधील गणना ह्या पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायाप्रमाणे बायकोने केलेला नवस ऐकल्या दिवशीच रद्द करण्याचा अधिकार नवऱ्याला होता. येथे नवस तिचा, आणि तो केव्हा फेडायचा हे ठरवणेही तिचेच आहे. त्या काळी दूध लवकर तोडत नसत. आपल्या वसईकडील कॅथलिक भगिनींच्या बायबलमध्ये मक्काबींचे दुसरे पुस्तक आहे, त्यातील सात मुलांची आई धाकट्याला आठवण देते, की मी तुला तीन वर्षे अंगावर पाजले. हन्नेनेही तेवढाच काळ पाजले असे शास्त्रात लिहिलेले नाही, परंतु तिने हाताशी असलेला वेळ पुरता घेतला, हे उघड आहे.

त्यानंतरचा झगा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या अध्यायाच्या १९व्या वचनात ती दरवर्षी शमुवेलासाठी लहानसा झगा शिवून नेते. वर्षातून एकदा दिसणाऱ्या मुलाचे माप कसे घेतले असेल? माझ्या थोरल्याला पाचवीत वसतिगृहात ठेवले तेव्हा त्याची विजार मी वाढत्या अंगाची शिवून घेतली होती, तळाशी चार बोटे कापड आत दुमडून. तरी दिवाळीला घरी आला तेव्हा ती घोट्याच्या वर गेलेली होती. गावातल्या त्याच वयाच्या मुलाला जवळ उभे करून, त्याच्या खांद्यावर हात ठेवून अंदाज घेणे मला ठाऊक आहे, आणि आपल्या रामा गावात हन्नेनेही तेच केले असेल असे मला वाटते. (हा माझा तर्क आहे, प्रवचनात वापरू नये.)

आता आपला खरा आक्षेप. हफनी-फिनहासांचे वर्तन लेखकाने लपवलेले नाही. यज्ञाचे मांस शिजत असताना याजकाचा चाकर तीन दातांचा काटा घेऊन यायचा, भांड्यात खुपसायचा आणि वर येईल ते याजकासाठी घेऊन जायचा. शिलोला येणाऱ्या सर्व इस्राएलांशी ते असेच वागत, असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे दरवर्षी यज्ञाला येणाऱ्या एलकानाच्या कुटुंबाच्या पातेल्यातही तो काटा पडला असणार. झग्याचा मजकूर नेमका ह्या काट्याच्या आणि दर्शनमंडपाच्या (देवाच्या उपासनेच्या तंबूच्या) दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी त्या दोघांनी केलेल्या कुकर्माच्या मधोमध येतो. लेखकाला हन्नेच्या मुलाचा धोका दिसत होता, आणि हन्नेला तो दिसत असूनही तिने त्याला तेथे का राहू दिले, ह्याचे उत्तर माझ्याजवळ नाही. नवसाचे बंधन होते एवढे म्हणता येते; तेवढ्याने आपले समाधान होणार नाही, माझेही झालेले नाही. मात्र ह्या गोष्टीचा आधार घेऊन ‘देवाच्या घरी आहे, काळजी कसली’ असे कोणी एखाद्या आईला सांगत असेल, तर तिने त्याला पुढची वचने वाचायला लावावीत. एलीच्या घरावरचा दोष त्याच अध्यायात, त्याच्या तोंडावर सांगितला आहे.

येथे पंडिता रमाबाईंची आठवण येते. १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या, आणि पुढे त्यांची लहानगी लेक मनोरमा इंग्लंडात वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींकडे राहिली. त्या भगिनींचे उपकार रमाबाई जाणत होत्या, तरीही मुलीला धर्मशिक्षण कसे द्यावे ह्यावर त्यांनी पत्रांतून उघडपणे वाद घातला. मूल दुसऱ्याच्या छपराखाली ठेवले म्हणून तिच्याविषयीचा आपला शब्द संपला, असे त्यांनी मानले नाही.

मूल नसलेल्या भगिनींना ही कथा बोचते, हे आपण ओघात लिहिले आहे. ते खरे आहे. मी तुला दहा मुलांपेक्षा अधिक नाही काय, ह्या एलकानाच्या प्रश्नावर हन्नेचे उत्तर लेखकाने दिलेले नाही, आणि सभेत त्या जागी आपणही घाईने काही बोलू नये.

लेखातील ते वाक्य मी आज काढले आहे. त्याच्या जागी आपल्याच प्रतिक्रियेमुळे सापडलेली एक गोष्ट घातली आहे : मोठेपणी शमुवेल लोकांचा न्याय करीत गावोगाव फिरला, पण परत यायचा तो रामालाच, कारण त्याचे घर तेथे होते, आणि त्याला पुरले तेही रामातील त्या घरीच. शिलोहून निघाल्यावर हन्ना परत गेली होती ते गाव हेच.