‘मंदी म्हणजे फ्रीलान्सरची चांदी’ हा दावा का टिकत नाही

मुंबईतल्या डिझायनर, अनुवादक, व्हिडिओ एडिटर आणि सॉफ्टवेअरची कामे घेणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा सारांश असा, की मंदी आली म्हणजे कंपन्या पगारी माणसे कमी करतात, पण काम तर करून घ्यावेच लागते, म्हणून ते बाहेर दिले जाते आणि फ्रीलान्सरची मागणी व दर दोन्ही वाढतात. त्याच्या पुष्टीसाठी नीती आयोगाचे आकडे दिले आहेत, कौशल्य असलेल्याला मंदीची झळ लागत नाही असे म्हटले आहे, रुपया घसरला की डॉलरमध्ये कमावणाऱ्याचा फायदाच होतो असा हिशेब मांडला आहे, आणि शेवटी सल्ला दिला आहे की तूर्त दर उतरवून ग्राहक धरून ठेवावा, बाजार सुधारला की दर आपोआप वर येतात. हा मजकूर वाचून हातची नोकरी सोडायला निघालेली तरुण मंडळी भेटतात, म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर देणे मला गरजेचे वाटते.

मूळ दाव्यात कंपनीचे काम मंदीतही तेवढेच राहते असे गृहीत धरले आहे, आणि तिथेच तो चुकतो. जाहिरात, नवे संकेतस्थळ, माहितीपट, प्रशिक्षण, सॉफ्टवेअरमधले बदल हे सगळे पुढे ढकलता येण्याजोगे खर्च आहेत, आणि बाहेरच्या माणसाला मिळणारे काम बहुतांशी याच खर्चांतून येते. शिवाय कायम कामगाराला कमी करायचे तर कायद्याप्रमाणे नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो; फ्रीलान्सरला मात्र ‘पुढच्या तिमाहीत बघू’ एवढा एक ईमेल पुरतो. त्यामुळे कात्री आधी बाहेरच्यांवर चालते. २००८-०९ च्या मंदीत अमेरिकेतल्या एकूण नोकऱ्या सुमारे सहा टक्क्यांनी घटल्या, तर एजन्सीमार्फत मिळणाऱ्या तात्पुरत्या नोकऱ्या जवळपास एक तृतीयांशाने. दाव्यात खरा म्हणावा असा अंश एकच आहे: मंदी ओसरू लागते, काम वाढलेले असते पण नवी भरती अजून बंद असते, त्या टप्प्यात कंत्राटी माणसांची मागणी कायम नोकऱ्यांच्या आधी वाढते. तो उभारीचा टप्पा आहे, मंदीचा नव्हे, आणि तिथवर तग धरायचा तर मधला काळ आधी निभावून न्यावा लागतो.

मुंबईच्या माणसाला हे समजण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. गिरणगावातला बदली कामगार सकाळी गिरणीच्या फाटकाशी उभा राही. कायम कामगार गैरहजर असला आणि जॉबरची, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाची, मर्जी असली तर त्या दिवसाचे काम मिळे. १९३० च्या दशकातल्या मंदीत गिरण्यांनी पगार कापले, १९३४ साली त्याविरुद्ध सार्वत्रिक संप झाला, आणि फाटकाशी उभे राहणाऱ्यांत कामावरून काढलेल्यांची भर पडत गेली. रिकाम्या हातांची संख्या वाढल्याने बदलीवाल्याचा भाव वधारला नाही, तो आणखी पडला. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा गिरणीमालकांनी भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवर कापड विणून घेतले. म्हणजे काम बाहेर गेले, हे अगदी खरे. पण यंत्रमागावरच्या कामगाराला गिरणीचा पगार मिळाला नाही. मीटरच्या हिशेबाने, कमी मजुरीत आणि कोणत्याही सवलतीशिवाय त्याने ते काम केले. काम बाहेर जाते ते स्वस्तात होते म्हणूनच जाते, आणि जे स्वस्तात व्हावे म्हणून बाहेर पाठवले त्याचा दर वाढेल ही अपेक्षा कशाच्या आधारावर करायची?

नीती आयोगाच्या आकड्यांचा अर्थही या मजकुरात उलटा लावला आहे. जून २०२२ च्या अहवालात २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार, म्हणजे कायम नोकरीऐवजी सुटी कामे घेणारे, असल्याचा अंदाज आहे आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २.३५ कोटींवर जाईल असे म्हटले आहे. हा अशी कामे करणाऱ्या माणसांच्या संख्येचा अंदाज आहे. त्यांना मिळणाऱ्या दराबद्दल तो काहीच सांगत नाही. शिवाय २०२०-२१ हे टाळेबंदीचे वर्ष होते, ज्याच्या पहिल्या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घसरले होते. अशा वर्षात नोकरी गेलेला माणूस फ्रीलान्सर म्हणवून घेऊ लागतो. हातात कंपनीने दिलेली दोन-तीन महिन्यांची रक्कम असल्याने सुरुवातीला तो निम्म्या दरातही काम घ्यायला तयार असतो. त्यात त्याचा दोष नाही, घर त्यालाही चालवायचे आहे. पण मागणी आटलेली असताना पुरवठा वाढला की दर दोन्ही बाजूंनी दाबला जातो.

कौशल्याचा मुद्दा थोडक्यात आटोपता येईल. १९ मार्च २०२० पासून मुंबईतली चित्रीकरणे थांबली, तेव्हा वीस वर्षांचा अनुभव असलेला छायालेखक आणि कालपरवा आलेला साहाय्यक दोघेही घरीच बसले. कौशल्य एखाद्या धंद्याच्या अंगाने वाढलेले असते आणि तो धंदा थांबला की त्याला लगेच दुसरीकडे गिऱ्हाईक मिळत नाही.

डॉलरच्या हिशेबात निदान गणित तरी बरोबर आहे. जानेवारी २००८ मध्ये डॉलर ३९ रुपयांच्या आसपास होता आणि मार्च २००९ मध्ये ५० च्या वर गेला. पण हा फायदा आलेल्या रकमेवर मिळतो, न आलेल्या कामावर नव्हे. आणि त्या वेळी मंदी नेमकी डॉलर पाठवणाऱ्यांच्याच देशात होती. तिथल्या काही बँकांनी तर स्वतःकडच्या कंत्राटी तंत्रज्ञांचे दर कापले होते.

सगळ्यांत जास्त नुकसान करणारा भाग म्हणजे दर उतरवण्याचा सल्ला. समजा, एखाद्या डिझायनरचे महिन्याचे बिल ८०,००० रुपये आहे आणि जागेचे भाडे, सॉफ्टवेअरची वर्गणी, इंटरनेट, लॅपटॉपचा हप्ता मिळून ३०,००० रुपये खर्च आहे. त्याने २० टक्के दर उतरवला की बिल ६४,००० वर येते, खर्च तसाच राहतो आणि हाती ५०,००० ऐवजी ३४,००० रुपये पडतात. म्हणजे सवलत २० टक्क्यांची आणि मिळकतीतली घट ३२ टक्क्यांची. पूर्वीएवढे बिल करायचे तर २५ टक्के जास्त काम हवे, आणि मंदीत नेमके तेच नसते. शिवाय उतरवलेला दर कंपनीच्या खरेदी विभागात रेट कार्डावर नोंदला जातो. पुढच्या वर्षी फोनवर बोलणारी व्यक्ती बदललेली असते, तिच्यासमोर मागची पर्चेस ऑर्डर उघडी असते, आणि ‘मागच्या वेळी तर याच दरात केलं होतं’ या वाक्याला आपल्याकडे उत्तर नसते.

दरकपातीचा दुसरा प्रकार बिलावर दिसतच नाही, तो म्हणजे पैसे थकवणे. तीस दिवसांचे नव्वद झाले आणि मधले साठ दिवस क्रेडिट कार्डावर काढले, तर दरमहा तीन टक्क्यांच्या वरच्या व्याजाने सहा टक्के तिथेच गेले. इथे मात्र कायदा आपल्या बाजूने आहे. ‘उद्यम’ ही छोट्या उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु उपक्रमाचे पैसे २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसला तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. २०२३ साली आयकर कायद्यात घातलेल्या तरतुदीमुळे मुदत टळलेले बिल कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही. मंदीत चालत्या ग्राहकाविरुद्ध अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे तक्रार करणे सोपे नाही, हे मला मान्य आहे. पण मार्चच्या तोंडावर लेखा विभागाला या तरतुदीची आठवण करून देणारा सभ्य ईमेल पाठवायला भांडण करावे लागत नाही. मात्र नोंदणी काम घेण्यापूर्वीची असावी, कारण नंतर केलेल्या नोंदणीच्या बळावर जुन्या बिलांचा दावा टिकवणे कठीण जाते.

‘बजेट टाइट आहे, अ‍ॅडजस्ट करा’ असे ग्राहक म्हणाला तर दराऐवजी काम कमी करावे: तीनऐवजी दोन डिझाइन, दोनऐवजी एकदाच दुरुस्ती. सवलत देणे भागच असेल तर बिलात मूळ दर पूर्ण लिहून सवलतीची ओळ त्याखाली वेगळी घालावी आणि ती कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे हे त्याच ओळीत लिहावे.