‘पाचशे प्रश्न पाठ करा, ऑफर पक्की’: कॅम्पसच्या फिरत्या मेसेजला माझं उत्तर

प्लेसमेंटचा हंगाम जवळ आला की इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला तिघांनी पाठवला आणि तिघांनीही खाली एकच विचारलं होतं, “दादा, हे खरं आहे का?” मेसेज थोडक्यात असा: डीएसएचे (डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम, म्हणजे माहितीची मांडणी आणि प्रश्न सोडवायच्या पद्धती) ५०० प्रश्न पाठ करा, ऑफर पक्की. डीबीएमएस (डेटाबेस), ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) कुणी विचारत नाही. प्रोजेक्ट गिटहबवरून (कोड शेअर करायची वेबसाइट) उचला, उघडून कुणी बघत नाही. इंग्रजी फाडफाड नसेल तर आशा सोडा. आणि उत्तर येत नसेल तर काहीतरी ठोकून द्या, कॉन्फिडन्स दिसला पाहिजे.

मी अकरा वर्षं पुण्यात डेव्हलपर म्हणून काम करतो आणि त्यातली सहा वर्षं कंपनीतर्फे कॅम्पसला मुलाखती घ्यायला जातो. हा मेसेज मनावर घेतलेली मुलं माझ्यासमोर येऊन बसतात. हुशार असतात, वर्षभर राबलेली असतात आणि तरीही बाहेर पडतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन सांगतो.

पाचशे प्रश्न. यातला खरा भाग आधी मान्य करतो. ऑनलाइन टेस्टमध्ये वेळ मोजका असतो आणि सराव नसेल तर तिथेच गळती होते. पण पाठांतर त्या चाळणीनंतर फारसं टिकत नाही. माझा नेहमीचा पहिला प्रश्न अगदी सोपा असतो: आकड्यांची यादी दिली आहे, त्यात अमुक बेरीज होणारी जोडी आहे का? पाठ केलेला मुलगा श्वास न घेता हॅशमॅप (पाहिलेले आकडे मेमरीत ठेवून चटकन शोधणारी रचना) लिहून मोकळा होतो. मग मी विचारतो, यादी आधीच चढत्या क्रमाने लावलेली असेल आणि जास्तीची मेमरी वापरायची नसेल तर? इथे शांतता पसरते, कारण हा बदल त्याने पाठ केलेल्या यादीत नव्हता.

दुसरा मुलगा कागद ओढून म्हणतो, “सर, आधी दोन लूप लावून प्रत्येक जोडी तपासून बघतो.” मग स्वतःच हिशेब करतो, की १ लाख आकडे असले तर जवळपास ५०० कोटी जोड्या तपासाव्या लागतील, हे चालणार नाही. मग एक बोट पहिल्या आकड्यावर, एक शेवटच्या आकड्यावर ठेवतो. बेरीज कमी पडली तर डावं बोट पुढे, जास्त झाली तर उजवं मागे. त्याला पोचायला दहा मिनिटं लागली तरी मी खूश असतो. त्याचं डोकं कसं चालतं ते मला दिसलेलं असतं आणि रोजच्या कामात मला तेच लागणार आहे.

पाठांतर का धोक्याचं, याचं एक उदाहरण मी मुलांना आवर्जून सांगतो. बायनरी सर्च, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी मधला आकडा बघून निम्मी यादी सोडून द्यायची शोधपद्धत, सगळ्यांना येतो. लो आणि हाय, म्हणजे शोधायच्या भागाची पहिली आणि शेवटची जागा, यांची बेरीज करा, दोनने भागा, मधली जागा मिळाली. हीच ओळ जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या स्वतःच्या लायब्ररीत (तयार कोडच्या संग्रहात) सुमारे नऊ वर्षं होती आणि ती चुकीची होती. अ‍ॅरे (आकड्यांची यादी) खूपच मोठा असला की ती बेरीज २,१४,७४,८३,६४७ या इंटच्या (जावातल्या पूर्णांकाच्या नेहमीच्या प्रकाराच्या) मर्यादेपलीकडे जाते आणि आकडा ऋण होतो. २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी हे जाहीरपणे लिहिलं, आणि तो कोड मुळात त्यांनीच लिहिलेला होता. उपाय एका ओळीचा आहे: हायमधून लो वजा करा, निम्मं करा आणि ते लोमध्ये मिळवा. ही ओळ पाठ असलेले खूप भेटतात. ती तशी का लिहायची, हे सांगणारा क्वचित भेटतो, आणि तो लक्षात राहतो.

माझ्या मते दीडशे प्रश्न पुरे. सोडवलेला प्रश्न आठवड्याने कोऱ्या पानावर पुन्हा सोडवा आणि एक अट बदलून बघा.

डीबीएमएस कुणी विचारत नाही, हे तर सरळ चुकीचं आहे. दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढायची क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) मी स्वतः कितीतरी जणांना विचारली आहे. एका मुलीला ऐन वेळी लिमिट, ऑफसेट (ठरावीक ओळी निवडायच्या आज्ञा) काही आठवेना. तिने सांगितलं, “सर, आधी सगळ्यात मोठा पगार काढीन, मग त्याच्यापेक्षा कमी असलेल्यांमधला सगळ्यात मोठा.” हे उत्तर पक्कं आहे. पहिल्या क्रमांकाचा पगार चौघांना सारखाच असला तरी ते चुकत नाही. पाठ केलेली क्वेरी अनेकदा तिथेच चुकते. रिकाम्या, म्हणजे नल किमती असलेला कॉलम मोजला आणि सगळ्या ओळी मोजल्या तर आकडे वेगळे का येतात, एवढं जरी नीट समजलं असेल तरी पुढचं बोलणं सोपं जातं. ओएसमध्ये निदान प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) आणि थ्रेड (त्याच्या आत चालणारं एक काम) यांतला फरक उदाहरणासकट सांगता यावा.

प्रोजेक्टच्या मुद्द्यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण सगळ्यात जास्त मुलं इथे हातची संधी घालवतात. चेहरा ओळखून हजेरी घेणारा प्रोजेक्ट मी इतक्यांदा पाहिला आहे की मोजणं सोडलं. वर्गात उजेड कमी असेल तर काय होतं, असं विचारलं की उत्तर येतं, “सर, तो भाग टीममधला दुसरा बघत होता.” ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा अहवाल) जाडजूड असते, आत स्वतःचं काही नसतं.

याउलट एका मुलाने गावच्या दूध संकलन केंद्रासाठी साधी नोंदवही बनवली होती. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आणि त्यावरून दर. दिसायला अगदी ओबडधोबड. मी विचारलं, सगळ्यात मोठी अडचण कुठली आली? तो म्हणाला, रेंज गेली की केंद्रावरचे काका बटण पुन्हा दाबायचे आणि एकाच दुधाची नोंद दोनदा व्हायची. मग त्याने सभासद, तारीख आणि सकाळ की संध्याकाळ, या तिघांची जोडणी डेटाबेसमध्ये एकमेव ठेवली, म्हणजे तीच नोंद दुसऱ्यांदा होणार नाही. पैशांच्या व्यवहारात हाच प्रश्न आम्हाला रोज सोडवावा लागतो. त्या मुलाशी मी पुढे अर्धा तास याच विषयावर बोललो आणि त्याच्या नावापुढे ‘घ्यावा’ असं लिहिलं.

इंग्रजी. मी स्वतः सातारा जिल्ह्यातल्या मराठी शाळेतून आलो, त्यामुळे ही भीती मला आतून ठाऊक आहे. कामात इंग्रजी लागतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. ग्राहकाशी बोलणं, मेल, डॉक्युमेंटेशन सगळं त्यातच असतं. पण लागतं ते लहान, स्पष्ट वाक्यांचं इंग्रजी. आपल्या प्रोजेक्टबद्दल दोन मिनिटं रोज मित्रासमोर मोठ्याने बोला: काय करायचं होतं, काय करून पाहिलं, ते का फसलं. महिनाभरात जीभ वळायला लागते. अडखळल्यामुळे मी कुणाला नाकारलेलं मला आठवत नाही.

‘ठोकून द्या’ हा सल्ला देणाऱ्याने मुलाखत घेणाऱ्याच्या बाजूला कधी बसून पाहिलेलं नसावं. आम्ही मुद्दाम उमेदवाराला येत नाही तिथपर्यंत नेतो, कारण तिथे तो काय करतो हे बघायचं असतं. “हे माहीत नाही, पण असं असावं असं वाटतं, कारण…” असं म्हणणाऱ्याला मी इशारा देतो आणि तो धरून पुढे गेला तर त्याचे गुण वाढतात. छातीठोकपणे चुकीचं सांगणाऱ्याला इशारा ऐकूच येत नाही. त्याच्याबद्दल माझ्या मनात प्रश्न उरतो, की हा उद्या चुकीचा कोड चढवून ‘सगळं ठीक आहे’ असंच सांगेल का?

(गुणांची अट आणि राहिलेल्या केटी, म्हणजे न सुटलेले विषय, याबाबत प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे असतात. ते टीपीओला, म्हणजे कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याला विचारा, ग्रुपवर नको.)

मेसेज पाठवणाऱ्या तिघांपैकी एकीने हे सगळं ऐकून विचारलं, “मग दादा, आज रात्री काय करू?” मी सांगितलं, तुझ्या प्रोजेक्टमधलं एक टेबल कागदावर काढ आणि त्यातला प्रत्येक कॉलम तिथे का आहे, ते आईला मराठीत समजावून सांग. रात्री अकराला तिचं उत्तर आलं. नऊपैकी तीन कॉलमचं कारण तिला सांगता आलं नव्हतं, आणि ते तीन ती आता शोधत होती.