सकाळी धडधाकट, संध्याकाळी पापणी मिटलेली: हे नाटक नाही, मायस्थेनिया आहे

"सकाळी तर बरा होतास, आता काय झालं?" मायस्थेनिया ग्रेव्हिसच्या पेशंटला हे सगळ्यात जास्त ऐकावं लागतं. तासातासाला कमी-जास्त होणारा अशक्तपणा हीच तर या आजाराची खूण!

नस शाबूत असते, स्नायूही. बिघाड दोघांच्या सांध्यावर असतो. नसेतून सुटलेलं, स्नायूला हुकूम पोचवणारं रसायन अ‍ॅसिटिलकोलीन स्नायूवरच्या ज्या रिसेप्टरला (ते रसायन पकडणाऱ्या जागेला) चिकटायचं, तेच शरीराच्या अँटिबॉडीज निकामी करतात. स्नायू सलग वापरला की अ‍ॅसिटिलकोलीन दर वेळी थोडं कमी सुटतं. एरवी ते खपून जातं, इथे नाही. म्हणून पहिले घास नीट चावले जातात आणि जेवण संपेपर्यंत जबडा हाताने धरावा लागतो.

सकाळी ताज्यातवान्या पेशंटला तपासून "काही नाही" म्हणण्यात अर्थ नाही. मान न उचलता नजर मिनिटभर छताकडे रोखायला सांगा, पापणी उतरू लागते. उतरलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फ धरला की बऱ्याचदा ती वर येते. आजार फक्त डोळ्यांपुरता असेल तर जवळपास निम्म्या जणांत रिसेप्टर-अँटिबॉडीचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो, तेवढ्यावर फाइल बंद करू नये. निदान झालं की थायमससाठी (छातीच्या हाडामागची, प्रतिकारशक्तीशी संबंधित ग्रंथी) छातीचा सीटी हवाच.

या आजाराची नेहमीची गोळी म्हणजे पायरिडोस्टिग्मिन. तिचा परिणाम अर्ध्या-पाऊण तासात सुरू होतो आणि तीन-चार तास टिकतो. गिळायला त्रास असेल तर गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यावी, जेवल्यावर नव्हे. मनाने डोस वाढवू नका. जास्त झाली तर जुलाब, लाळ आणि वर पुन्हा अशक्तपणाच. स्टिरॉइड मोठ्या डोसने सुरू केल्यास पहिल्या दोनेक आठवड्यांत त्रास वाढू शकतो, हे घरच्यांना आधी कुणी सांगतच नाही.

खरा घात होतो तो साध्या तापखोकल्यात. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन, जेंटामायसिन ही अँटिबायोटिक्स, शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम, बीटा-ब्लॉकर (रक्तदाब-हृदयाची औषधं): यांनी आजार उसळू शकतो. ही यादी खिशात ठेवा, दातांच्या डॉक्टरांनाही दाखवा.

आणि ऑक्सिमीटरवर विसंबू नका. श्वासाचे स्नायू थकत असतानाही आकडा बराच वेळ ९७-९८ दाखवतो. त्यापेक्षा एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला लावा. एरवी तिसाच्या पुढे जाणारा पेशंट विसाच्या आतच अडकू लागला, आडवं झाल्यावर धाप लागली किंवा पाणी नाकातून येऊ लागलं, तर सकाळच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. थेट आयसीयू असलेलं हॉस्पिटल गाठा आणि फुप्फुसांची क्षमता मोजायला सांगा.