दुतोंड्या मारुती आणि नाल्याचं पाणी

पावसाळा लागला की आमच्या नाशिकच्या शाळेच्या ग्रुपवर गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीचे फोटो सुरू होतात. 'गुडघ्याला लागलं', 'कंबरेला आलं', 'छातीपर्यंत गेलं रे, सराफ बाजार सांभाळा'. इथे नेदरलँड्समध्ये, उट्रेख्तच्या ट्राममध्ये बसून तो फोटो पाहिला की गंगेला (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) किती पूर आलाय ते मला कळतं, क्युसेकचा आकडा लागत नाही.

हल्ली त्याच ग्रुपवर भांडण जुंपलंय. 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची मोठी स्नानं आहेत. एक जण फेसाचे आणि पाणवेलींचे फोटो टाकतो, दुसरा 'गंगा कधी अपवित्र होत नसते' म्हणून त्याला झोडतो. प्रयागराजला 2025 च्या फेब्रुवारीत हेच झालं. विष्ठेतले जंतू मर्यादेबाहेर असल्याचं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हरित लवादाला कळवलं आणि थोड्याच दिवसांत मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं की पाणी आचमनालाही योग्य आहे. पुढे चर्चा श्रद्धेवर गेली ती गेलीच.

मला वाटतं, दोघंही चुकीच्या जागी बघतायत. नदीत काय आहे ते मोजाच, पण गावात कोणता रोग शिरलाय हे आधी नाल्याला कळतं. माझ्याकडून आगगाडीने पाव तासावर आमर्सफोर्ट आहे. तिथे 2020 च्या मार्चमध्ये एकाही रुग्णाची नोंद होण्याआधी सांडपाण्यात करोनाचा विषाणू सापडला होता. संसर्ग झालेला माणूस अंगात ताप चढण्याआधीच विषाणू बाहेर टाकू लागतो, डॉक्टरकडे जातो तो नंतर, आणि कित्येक जण जातच नाहीत. पुढे या देशात तीनशेहून जास्त सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांवर नमुने घेतले गेले आणि दर लाख लोकांमागे किती विषाणू, तो आकडा कुणालाही बघता येऊ लागला.

'फॉरेनचं खूळ' असं ग्रुपवर लगेच आलंच. बाबांनो, मुंबईची गटारं पोलिओसाठी 2001 पासून तपासली जातात. लंडनला 2022 मध्ये एकही रुग्ण नसताना सांडपाण्यात पोलिओ दिसला आणि एक ते नऊ वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यायचं ठरलं.

इथल्या एका केंद्रात मी नमुना घेणारं यंत्र पाहिलंय. फ्रिजएवढं कपाट. ठरावीक पाणी वाहून गेलं की नळीतून एक घोट ओढतं, असं चोवीस तास, आणि शेवटी सगळे घोट एकत्र. मग हिशोब: घोटातला विषाणू, गुणिले दिवसभराचा प्रवाह, भागिले लोकसंख्या.

नाशकात हा हिशोब शेवटच्या आकड्यावर अडतो. इथे नेदरलँड्समध्ये जवळपास प्रत्येक घर बंद गटाराला जोडलेलं आहे, आपल्याकडे बरंचसं काम नासर्डी आणि वाघाडी हे उघडे नाले करतात. त्यात पर्वणीला गावात किती माणसं आहेत ते कुणाला सांगता येणार? वर भर पावसाळा, म्हणजे सगळंच पातळ. यावर एक गमतीदार तोड आहे. मिरचीच्या झाडांना होणारा एक विषाणू आपण खाल्लेल्या तिखटातून पोटात जातो आणि तसाच बाहेर पडतो. नमुन्यात तो किती आहे त्यावरून माणसांचा मैला किती, ते ताडता येतं. मिसळीच्या नाशकात त्याचा तुटवडा पडू नये.

इथलं सगळं आलबेल आहे असंही नाही. नाशकात मागचा सिंहस्थ झाला त्याच 2015 साली ॲमस्टरडॅमच्या कालव्यात हौशी पोहणाऱ्यांचा कार्यक्रम झाला आणि नंतर त्यातल्या कितीतरी जणांना उलट्या-जुलाब झाले. आधी धो धो पाऊस पडून गेला होता. फरक एवढाच की नंतर पोहणाऱ्यांना गाठून विचारलं गेलं: किती वेळ पाण्यात होता, पाणी गिळलंत का?

ग्रुपवरची एकच शंका मला निरुत्तर करून गेली. वाघाडीच्या काठी वाढलेल्या मित्राने लिहिलं, "उद्या म्हणतील रोग आमच्या वस्तीतून आला." बरोबर आहे त्याचं. नमुना गल्लीच्या तोंडाशी न घेता तपोवन किंवा आगर टाकळीच्या सांडपाणी केंद्रावर घ्यावा, म्हणजे लाखो लोकांचं पाणी एकत्र येतं आणि बोट कुणाकडे दाखवता येत नाही. आकडा मात्र रोज जाहीर व्हावा, दुतोंड्यासारखा भर चौकात.

आणि परदेशी सूत्रं जशीच्या तशी उचलू नयेत. पोहण्याच्या तलावातल्या एका अमेरिकी पाहणीत मोठ्या माणसाच्या पोटात सुमारे 16 मिलिलिटर पाणी गेलं, मुलांच्या 37. धोक्याचं गणित अशा आकड्यांवर चालतं. त्यात आचमन कुठे आहे? घरी नेलेला गडू, देव्हाऱ्यात ठेवून महिनाभर दिलेलं तीर्थ कुठे आहे? शास्त्रात आचमनाला उडदाचा दाणा बुडेल एवढं पाणी सांगितलंय, पण रामकुंडावर दाणा कोण घेऊन जातं?

रविवारी आईला फोन केला, विचारलं, तुझ्या तळहातात एका वेळी किती मावतं? आधी हसली. मग खोकल्याच्या औषधाचं टोपण आणून तिने खरंच मोजलं. "पाचाच्या रेघेला थोडं कमी," म्हणाली. "तीनदा घेते मी. पण तुझी मावशी चांगला घोटच घेते हो, तिचं वेगळं लिही."